कॉलर वाचवायची आहे: सहा शर्टांच्या धुण्याच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

आज कपाट आवरलं. दोन शर्ट टाकून द्यायचे म्हणून बाजूला काढले, एक आकाशी आणि एक बारीक चेक्सचा, आणि सहज खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितले तर दोघांच्या अंगाला काही म्हणजे काहीच झालेलं नाही. रंग बरा आहे, बटणं जागेवर, काज एकही उसवलेलं नाही, खिसा नीट. पण कॉलर! आकाशीची घडीवर विरून आतलं पांढरं बक्रम (कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात तो थर) दिसायला लागलंय आणि चेक्सच्या कॉलरीवर फुगे आलेत, जसं भिंतीवरचं पोपडं धरलेलं रंगकाम दिसतं तसं. म्हणजे एका वर्षात दोन शर्ट गेले आणि दोन्ही वेळा गेली ती फक्त कॉलर, बाकी शर्ट अजून दोन-तीन वर्षं आरामात चालला असता.

मला हे फार लागलं. पैशाचं आहेच, पण चांगलं कापड असं वाया जाणं बघवत नाही. तर ठरवलं की आता जे सहा शर्ट वापरात आहेत त्यांची वही ठेवायची, प्रत्येक धुण्याची नोंद करायची आणि कॉलर नक्की कशाने मरते ते शोधून काढायचं. आकाशी आणि चेक्सवाला टाकत नाही, प्रयोगाला ठेवतो.

सहा कुठले ते लिहून ठेवतो. पांढरा ऑक्सफर्ड ज्याच्या कॉलरीच्या टोकांना बटणं आहेत, नेव्ही पॉपलीन, हिरवट लिनन मिक्स, पॉली-कॉटनचा निळ्या चौकड्यांचा, मोरपंखी खादीचा जो शिवून घेतलाय, आणि एक मरून पोलो टी-शर्ट, ऑफिसला शुक्रवारी चालतो म्हणून तोही यादीत. मशीन फ्रंट लोड आहे. राहतो पुण्यात धायरीला, उन्हाळ्यात निम्मं पाणी टँकरचं.

५ जून

मोजमाप. कॉलरचं बटण लावायचं नाही, कॉलर सरळ पसरायची आणि बटणाच्या मध्यापासून काजाच्या लांबच्या टोकापर्यंत टेप धरायची. ऑक्सफर्ड ४०.५ सेंमी, पॉपलीन ४०.५, लिनन ४१, चौकडा ४०.५, खादी ४१.५ (टेलरकाकांनी मुद्दाम सैल ठेवलीय, आटेल म्हणाले). पोलोची कॉलर मोजण्यात अर्थ नाही, विणलेली आहे, ताणावं तशी ताणते.

लेबलंपण पहिल्यांदाच नीट वाचली. टबच्या चित्रात ३० किंवा ४० आकडा असतो तेवढंच पाणी गरम, टबाखाली आडवी रेघ असेल तर मशीन हळू फिरवायचं, आणि इस्त्रीच्या चित्रातले ठिपके म्हणजे उष्णता, एक ठिपका साधारण ११० डिग्री, दोन १५०, तीन २००. चौकडा शर्ट दोन ठिपक्यांचा निघाला आणि मी त्याला आजपर्यंत कॉटनवर ठेवून इस्त्री करत होतो.

९ जून, रविवार. धुणं १

आजपासून नवी पद्धत. आधी सगळी बटणं काढायची, कॉलरची, कफची, टोकांचीसुद्धा, कारण मशीनमध्ये कापड पिळलं जातं तेव्हा लावलेल्या बटणामुळे काज ताणलं जातं. कॉलर उभी करायची. शर्ट उलटा करायचा. खिसे बघायचे.

मग मळाची रेघ. घडीवर जी काळपट-पिवळी रेघ येते ना, ती रस्त्यावरची धूळ कमी आणि आपल्याच मानेचं तेल जास्त, त्यात त्वचेचे कण आणि घाम मिसळलेला. तेलच आहे म्हटल्यावर त्याला भांडी घासायचं लिक्विड चालायला पाहिजे आणि चालतंच. अर्धा चमचा लिक्विड, थोडं पाणी, बोटाने रेघेवर पसरलं आणि वीस मिनिटं ठेवलं. मग जुन्या मऊ टूथब्रशने रेघेच्या दिशेनेच, आडवं, अगदी हलक्या हाताने. मग ते लिक्विड धुऊन टाकायचं आणि मगच मशीनमध्ये, नाहीतर फ्रंट लोडमध्ये फेस मावत नाही.

आधी आमच्याकडे काय चालायचं तर कॉलरला साबणाची वडी चोळायची आणि प्लास्टिकच्या कडक ब्रशने खसाखसा घासायचं. मीच घासायचो. आकाशी शर्टाची कॉलर आज भिंगातून बघितली, घडीवरचे आडवे धागे तुटलेत आणि उभे नुसते लोंबतायत, बाकी सगळीकडे वीण शाबूत. म्हणजे कॉलर वापरून झिजली कमी, मी स्वच्छ करून करून झिजवली. हे लिहिताना वाईट वाटलं पण लिहितो.

१६ जून, रविवार. धुणं २

पाण्याची परीक्षा. परवाच्या पावसात गॅलरीत पातेलं ठेवून पावसाचं पाणी धरलं होतं. दोन सारख्या बाटल्या, एकीत टँकरचं पाणी, एकीत पावसाचं, दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकला आणि सारखंच हलवलं. पावसाच्या पाण्यात बोटभर घट्ट फेस, दहा मिनिटांनीही तसाच. टँकरच्या पाण्यात फेस जवळजवळ नाही आणि वर दह्याच्या फुटीसारखा पांढरा चोथा तरंगतोय. बोअरचं पाणी जड असतं हे आईला बिनबाटलीचं माहिती आहे, तुमच्याकडे डाळच शिजत नाही म्हणते ती दर वेळी आल्यावर. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून चोथा करतं आणि तो चोथा कपड्यात बसतो, त्यानेच पांढरा शर्ट करडा दिसतो आणि कॉलर हाताला कडक खरखरीत लागते. पावडरमध्ये यावर उपाय घातलेला असतो म्हणून पावडरीचं काम साबणाइतकं बिघडत नाही, पण पाणी जड असेल तर तीही जास्त लागते.

शेजारचे म्हणाले मीटर आणून टीडीएस बघ. बघितला, पण टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच मिळून, त्यावरून जडपणा सरळ कळत नाही. बाटलीतला फेस जास्त खरं सांगतो.

निर्णय: साबणाची वडी कॉलरीला बंद. धुणं शक्यतो महापालिकेचं पाणी येईल त्या दिवशी. शेवटचं खळबळणं पावसाळाभर पावसाच्या पाण्यात, बादलीत, हाताने. मशीनमध्ये जादा एक रिन्स.

२२ जून

मध्येच एक नोंद. खादीचा शर्ट मोरपंखी असल्यामुळे आई फोनवर म्हणाली, पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो. शिवताना उरलेलं कापड होतंच, त्याचे दोन तुकडे केले, एक मिठाच्या पाण्यात रात्रभर, एक साध्या पाण्यात. सकाळी दोन्ही पाणी तितकंच हिरवट निळं. नंतर दोन्ही तुकडे पांढऱ्या रुमालावर ओले दाबले, डागही सारखेच. एकदा रंगवून झालेल्या कापडात मिठाने रंग पक्का होत नाही. पहिली चार धुणी वेगळं, गार पाण्यात, एवढंच खरं. आईला सांगितलं तर म्हणाली बरं बाबा, पण मीठ टाकून बिघडलं तर नाही ना काही. तेही खरंच.

२३ जून, रविवार. धुणं ३

टेलरकाकांकडे गेलो. फुगे आलेला चेक्सचा शर्ट नेला होता. त्यांनी कॉलर दोन बोटांच्या चिमटीत धरून वरचं आणि खालचं कापड एकमेकांवर सरकवून बघितलं आणि म्हणाले, हे चिकटवायचं बक्रम आहे, फ्यूजिंगचं, मागे गोंदासारखा थर असतो, प्रेसने गरम करून कापडाला बसवतात. रेडिमेड शर्टात बहुतेक हेच. दुसरं असतं नुसतं शिवून घातलेलं, त्यात चिमटीत धरलं की आतला थर मोकळा सरकतो.

"काका, मग फुगे का येतात?"

"कापड आटतं, बक्रम आटत नाही. नाहीतर बक्रम आटतं आणि कापड नाही. दोघं एका मापात राहिले नाहीत की कुठंतरी सुटणारच. आणि तुम्ही लोक गरम पाण्यात टाकता, वर इस्त्री फुल्ल."

मी विचारलं परत बसतील का, तर त्यांनी ओला फडका टाकून मोठ्या इस्त्रीने दाबून दिले, घासली नाही, दहा-दहा सेकंद नुसती दाबून धरली, आणि बसले. पण म्हणाले थोडे दिवसांचा खेळ आहे, दोन धुण्यांत परत वर येतील. (७ जुलैची भर: दोन धुण्यांत आलेच.)

घरी येऊन चिमटीची परीक्षा सहाही शर्टांना. पोलोला बक्रमच नाही. खादीला शिवलेलं, बाकी चारही चिकटवलेले.

७ जुलै. धुणं ५

पाऊस लागलाय. आता दोरीवर कसं वाळत घालायचं हे खरं महत्त्वाचं झालंय. उन्हाळ्यात मी शर्ट खांद्याला चिमटे लावून टांगायचो, खांद्यावर चिमट्याची टोकं उठायची. आता दोन प्रकार करून बघितले. खाली घेरापाशी बाजूच्या शिवणीवर चिमटे लावून उलटा टांगला की चिमट्याचे व्रण पँटच्या आत जातात, पण कॉलर खाली लोंबते आणि पाणी सगळं कॉलरीत उतरतं, ती सगळ्यात शेवटी वाळते. पावसाळ्यात हे नको. हँगरवर घालून, वरचं एक बटण लावून, कॉलर हाताने बसवून, बटणपट्टी वरून खाली दोन्ही हातांनी ताणून, शिवणी झटकून टांगला की अर्धी इस्त्री तिथेच होते. हँगर जाड खांद्याचा पाहिजे, तारेच्या हँगरने खांद्यावर शिंगं येतात.

स्पिन १००० वरून ६०० ला आणला. पाणी जास्त राहतं, वाळायला दोन-तीन तास जास्त लागतात, पण सुरकुत्यांत जमीन-अस्मानाचा फरक. आणि मशीन थांबल्या थांबल्या बाहेर. तासभर आत गोळा होऊन पडले की ज्या घड्या बसतात त्या इस्त्रीनेही लवकर जात नाहीत.

१४ जुलै. धुणं ६

दोरी घरात. पंखा चालू. दोन हँगरांत वीतभर अंतर. कुबट वास नाही.

२७ जुलै

लिहायला आज वेळ मिळाला. परवा, २५ तारखेला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं. आम्ही चढावर आहोत म्हणून काही झालं नाही, पण बायकोची मावशी तिकडेच राहते, तिला आणि काकांना घेऊन आलो, त्या गडबडीत आदल्या रात्री मशीनमध्ये लावलेले तीन शर्ट तसेच ओले राहिले, वीज पण गेली होती. दीड दिवसाने उघडलं तर वास. पांढरा ऑक्सफर्ड, लिनन आणि पोलो.

परत नुसती पावडर टाकून धुतले, ओले असताना वास येत नव्हता, वाळून अंगात घालून जरा घाम आला की परत तोच. म्हणजे वास धाग्यात बसलाय. मग ऑक्सिजनचं ब्लीच आणलं, सोडियम परकार्बोनेट, पांढरी पावडर असते. पाणी साधारण ४०-५० डिग्री, बादलीला दोन चमचे, तासभर भिजवून मग नेहमीचं धुणं. गार पाण्यात ते नीट काम करत नाही आणि या भानगडीत एवढंच एक काम मी कोमट पाण्यात केलं. वास गेला. ऑक्सफर्डच्या काखेतली पिवळी झाकपण उतरली. क्लोरीनचं ब्लीच मुद्दाम टाळलं, घामाचे डाग त्याने उलट आणखी पिवळे पडतात.

मावशींची कपड्यांची सगळी बॅग चिखलाच्या पाण्यात होती. त्यातली काकांची शर्टंपण धुतली, पण ती आधी नुसत्या पाण्यात चार वेळा, गाळ पूर्ण खाली बसेपर्यंत. चिखल चोळायचा नाही, वाळूचे कण कापडात घासले जातात. काकांचे दोन शर्ट वाचले. ते दोन घालूनच परवापासून ऑफिसला जाणार आहेत.

४ ऑगस्ट. धुणं ९

गरम पाण्याचा प्रयोग, जुन्या आकाशी शर्टावर. तो नेहमी ३० ला धुतला जायचा. आज ६० ला धुतला, मग फुल्ल इस्त्री. पूर्वी ४०.२ होता, आज ३९.५. एका धुण्यात ७ मिलिमीटर! आणि कॉलरच्या डाव्या टोकाशी बोटाच्या पेराएवढा फुगा, जिथे आधी काही नव्हतं. टेलरकाका बरोबर होते. हा प्रयोग परत करणार नाही, पण एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

तसंही पावडरीतली घामाचे, रक्ताचे डाग पकडणारी एन्झाइमं ३०-४० डिग्रीत छान चालतात, त्यांच्यासाठी कढत पाणी लागत नाही. रक्ताचा डाग तर गरम पाण्याने पक्का बसतो. दाढी करताना कापलं आणि कॉलरीला लागलं तर गार पाणी, लगेच.

दाढीवरून आठवलं, भिंगातून बघताना कॉलरीच्या पुढच्या भागावर, हनुवटीखाली जिथे मान वळते तिथे, बारीक गोळे दिसले, चौकडा शर्टावर सगळ्यात जास्त. दोन दिवसांची खुंटं सँडपेपरसारखी घासतात. पॉलिएस्टरचा धागा मजबूत म्हणून गोळा गळून पडत नाही, धरून बसतो. निखळ सुतीवर गोळे येतात पण झडतात.

१८ ऑगस्ट. धुणं ११

आजची नोंद मोठी होणार कारण आज इस्त्री शिकलो.

कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले भाऊ, कोळशाची इस्त्री, पितळी, तीस वर्षं तिथेच टपरी. मी रविवारी सकाळी लवकर गेलो आणि म्हटलं भाऊ, कॉलर कशी करता ते बघायचंय. हसले, पण मनापासून दाखवलं.

कॉलर सगळ्यात पहिली. शर्ट किंचित दमट, कोरडा झाला असेल तर पाण्याचा हबका. आधी कॉलरीची मागची बाजू, म्हणजे कॉलर दुमडल्यावर जी खाली झाकली जाते ती. सुरुवात टोकापासून, टोकाकडून मध्याकडे, अर्ध्यापर्यंत. मग दुसऱ्या टोकाकडून मध्याकडे. कधीही मध्याकडून टोकाकडे नाही, कारण कापड पुढे ढकललं जातं आणि टोकाशी चुणी जमते, आणि ती एकदा दाबली गेली की टोक वाकडं दिसतं कायमचं. मग पालटून वरची बाजू, तसंच. जी काही अर्धी चुणी उरली असेल ती मध्यावर येते आणि मध्य मानेच्या मागे जातो, कोणाला दिसत नाही. मग पट्टी, मग कफ, बाह्या, खांदा, अंग, आणि शेवटी परत एकदा कॉलरवरून नुसती नजर.

आणि मग मी घडी पाडायला गेलो, कॉलर दुमडून वरून इस्त्री ठेवायला, तर भाऊंनी हात धरला. म्हणाले, "साहेब, घडी इस्त्रीने नाही पाडायची. घडी हाताने. तिथं इस्त्री दाबली की धार येते, अन् जिथं धार तिथं चिरतं."

हे ऐकून मी घरी येऊन परत आकाशी शर्ट काढला. विरलेली रेघ सुरीने आखल्यासारखी सरळ आहे, आणि ती बरोब्बर त्या धारेवर आहे जी मी दर आठवड्याला दाबून पाडत होतो. धार मानेला घासते, तिथेच मळ बसतो, तिथेच मी ब्रश फिरवतो, परत तिथेच इस्त्री. चार मार एकाच ओळीवर.

तेव्हापासून कॉलर सपाट इस्त्री करतो, मग हँगरवर घालून, वरचं बटण लावून, गरम असतानाच हाताने दुमडून सोडून देतो. ती गोल वळते. दिसायलाही छान दिसते, कागदासारखी दुमडलेली नाही तर वळण घेतलेली.

गडद रंगाला (पॉपलीन) उलट्या बाजूने नाहीतर वर मलमलचा तुकडा टाकून, नाहीतर चकाकी येते. हे भाऊंना सांगावं लागलं नाही, त्यांच्या टपरीत मलमल दोरीवर टांगलेलीच होती.

एका शर्टाचे दहा रुपये घेतात. आज घेत नव्हते, दिले.

१ सप्टेंबर. धुणं १३

मापं: ऑक्सफर्ड ४०, पॉपलीन ४०.१, लिनन ४०.३, चौकडा ४०.५ (पॉलिएस्टरमुळे जागचा हललेला नाही), खादी ४०. म्हणजे खादी दीड सेंमी आटली आणि टेलरकाकांनी ठेवलेली सैल बरोब्बर वापरली गेली. आता बसलीय, गेल्या चार धुण्यांत हलली नाही.

फुगा एकालाही नाही.

८ सप्टेंबर

पोलो. याचं तंत्र वेगळंच आहे. कॉलर विणलेली असल्याने टोकं वर वळतात, पुरीच्या काठासारखी. हँगरवर ओला टांगला की स्वतःच्या वजनाने लांबतो आणि खांदे पडतात. आता टॉवेलवर आडवा पसरतो, कॉलर बोटांनी मूळच्या आकारात चपटी करतो, बटण लावतो, तसाच वाळू देतो. वळलेल्या टोकांवर वाफ, इस्त्री टेकवायची नाही, वर धरायची. फॅब्रिक सॉफ्टनर बंद केलं, मऊ करता करता कॉलरीचा जीवच काढून घेतं ते. टोकं साठ-सत्तर टक्के सरळ आलीत. याहून जास्त होईल असं वाटत नाही.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन. पांढरा ऑक्सफर्ड घालून गेलो, बायको नको म्हणत असताना. गुलाल खांद्यावर, कॉलरीत, सगळीकडे.

रात्री दीड वाजता घरी आलो आणि शर्ट भिजवला नाही. कोरडा, गॅलरीत झटकला, मग कोरड्या मऊ ब्रशने वरच्यावर, कॉलर उभी करून शिवणीतून, मग व्हॅक्युमचा छोटा तोंडवाला पाइप. गुलाल ओला झाला की रंग सुटतो आणि धाग्यात उतरतो, कोरडा असेपर्यंत तो नुसती पूड आहे. जितका निघाला तितका काढून मग नळाखाली गार पाणी, उलट्या बाजूने, न चोळता, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग परकार्बोनेटमध्ये तासभर. सकाळी कॉलरपट्टीच्या शिवणीत फिकी गुलाबी रेघ राहिलीय, बाकी शर्ट पांढरा. रेघ आत आहे, दिसत नाही. राहू दे.

६ ऑक्टोबर, रविवार. धुणं १७

बाबा आलेत इचलकरंजीहून. मामांचे माग होते, बाबांनी सायझिंगमध्ये वीस वर्षं काढली, सुताला खळ देणं हाच धंदा, त्यामुळे माझी वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. कुणी इतकं मन लावून वाचेल असं वाटलं नव्हतं.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी. पूर्वी तागा घेताना काठावर सॅनफोराइज्डचा शिक्का बघायचे, म्हणजे कापड आधीच आटवून दिलेलं. मी शोधलं तर हे सॅनफोर्ड क्लूएट नावाच्या माणसाच्या नावावरून, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावातल्या शर्ट-कॉलर करणाऱ्या कंपनीतला, १९३० च्या सुमाराची पद्धत. आणि त्याच ट्रॉयची आणखी एक गोष्ट मिळाली, मला फार आवडली. १८२७ मध्ये हॅना माँटेग्यू नावाच्या बाईने, नवऱ्याचा शर्ट स्वच्छ असतो आणि मळते फक्त कॉलर, म्हणून कॉलरच कापून काढली, वेगळी धुतली आणि परत लावली, असं सांगतात. पुढे ते गाव सुट्या कॉलरींचं गाव म्हणून ओळखलं गेलं. दोनशे वर्षांपूर्वी तिला जे दिसलं ते मला २ जूनला खिडकीपाशी दिसलं.

खळ: बाबांनी स्वतः केली. दोन चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवला, फडक्यातून गाळला, पातळ केला, आणि फक्त कॉलर आणि कफ बुडवले. पिळले नाहीत, दाबले. म्हणाले खळीचा उपयोग नुसता कडकपणाला नाही, मळ खळीवर बसतो, धाग्यावर नाही, आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. सुताला खळ देतात तीही धागा वाचवायलाच, मागावर धागा घासून तुटू नये म्हणून. पण खळ दिलेला कपडा महिनोनमहिने कपाटात ठेवायचा नाही, कसर लागते.

आणि शेवटी आकाशी शर्ट हातात घेऊन म्हणाले, हा टाकायला कशाला काढलास? कॉलर उलटवून घे की.

मी लहान असताना बाबांचे शर्ट उलटवलेले असायचे हे मला माहितीच नव्हतं. आईला माहिती होतं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, आज टेलरकाका. आकाशी शर्ट. कॉलर आणि कॉलरपट्टी यांच्यामधली शिवण उसवली, पान (कॉलरीचा दुमडला जाणारा भाग) बाहेर काढलं, विरलेल्या रेघेवर आतून पातळ कापडाची पट्टी लावून मशीनने दाट टाके मारले, मग पान पालटून परत पट्टीत बसवलं. विरलेली बाजू आता खाली, झाकलेली. वर आली ती बाजू जिला आजवर ऊन लागलं नव्हतं, त्यामुळे अंगापेक्षा एक छटा गडद दिसते. साठ रुपये, पाऊण तास.

काका म्हणाले आता कोणी येत नाही याला. बटणवाली कॉलर असली तरी होतं, काज आरपार असतात. खालचं कापड वेगळं लावलेलं असेल तर मात्र नाही.

फुगेवाल्या चेक्सची नाही होत. बक्रमच सुटलंय, ते दोन्हीकडून दिसतं.

३ नोव्हेंबर

पाडव्याला आकाशी घातला होता. बाबांनी लांबूनच बघून मान हलवली.

१७ नोव्हेंबर. धुणं २२

भिंग घेऊन सगळे तपासले. ऑक्सफर्ड: घडीवर वीण शाबूत, दोन-तीन धाग्यांचे शेंडे उठलेत. पॉपलीन: रंग घडीवर किंचित फिका, वीण शाबूत. लिनन: घडीवर झिजायला लागलाय, लिनन मुळातच वारंवार दुमडलं की तिथेच तुटतं, याला आता खळ बंद, कडक झाला की आणखी लवकर तुटेल. चौकडा: गोळे दर महिन्याला हातमशीनने काढतो, बाकी जसाच्या तसा. खादी: उत्तम, दर धुण्याला मऊ होत चाललीय. पोलो: टोकं परत थोडी वळलीत.

आकाशी शर्टाची बावीस धुण्यांनंतर काय अवस्था होती ते माहिती नाही, तेव्हा वही नव्हती.

८ डिसेंबर

नवं कापड घेतलं, राखाडी सुती, अडीच मीटर. टेलरकाकांना म्हटलं, काका, उरलेल्या कापडात एक जादा कॉलर कापून शिवून द्याल का, शिवलेलं बक्रम घालून. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले कफ पण देतो, कापड आहे.

कापड शिवायच्या आधी दोनदा गार पाण्यात भिजवून वाळवून दिलं. बक्रमपण भिजवलं.

२९ डिसेंबर, रविवार

राखाडीचं पहिलं धुणं. जादा कॉलर नुसती कपाटात ठेवली असती तर तीन वर्षांनी लावताना शर्ट फिका आणि कॉलर नवी दिसली असती, आकाशीसारखं. म्हणून ती आणि कफ शर्टाबरोबरच धुवायचे ठरवलं, दर वेळी, जाळीच्या छोट्या पिशवीत घालून. दोघांनी बरोबरच फिकं व्हायचं.

आता गॅलरीत सावलीत हँगरवर शर्ट आहे आणि त्याच्या शेजारी दोरीवर दोन चिमट्यांवर एक कॉलर. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं हे काय वाळत घातलंय. वर बोलावून वही दाखवली. त्यांनी त्यांच्या मुलाचे दोन शर्ट आणून दिलेत, पुढच्या रविवारी टेलरकाकांकडे नेतो.